सबवूफर गाण्यासाठी आणि सिनेमासाठी

सबवूफर म्हणजे साधारण 20 ते 120 हर्ट्झचा खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर. त्याच्या पेटीचे मुख्य प्रकार दोन: पूर्ण बंद पेटी आणि नळीवाटे श्वास घेणारी पोर्टची पेटी. कर्जत-खालापूरकडच्या बंगल्यात किंवा फार्महाऊसवर होम थिएटर बसवताना वॅटचा आकडा पाहून निवड केली, तर फसगत ठरलेली. आधी पाहायची ती पेटी आणि खोली.

बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, पुढे सरकला की ती त्याला मागे खेचते, म्हणून ठोका संपला की आवाजही लगेच आवरतो. अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये ‘एआर-1’ स्पीकरात हे तत्त्व वापरले. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची थाप, बेस गिटारची 41 हर्ट्झची तार या पेटीत स्वच्छ उमटतात. मात्र एका मर्यादेखाली तिचा आवाज दर सप्तकामागे 12 डेसिबलने उतरतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर कोनाला चौपट हलावे लागते.

पोर्टच्या पेटीत ठरावीक कंपनसंख्येला नळीतली हवाच वाजते आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. त्याच अॅम्प्लिफायरवर तिथे जास्त आवाज मिळतो. पण त्या टप्प्याखाली उतार 24 डेसिबलचा आणि कोनावरचा लगामही सुटलेला. फिल्टर नसेल तर कोन फाटू शकतो. ठोक्यामागे थोडी शेपूटही रेंगाळते. या पेटीचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते विस्तारले.

सिनेमात स्फोट-गडगडाटासाठी वेगळा ट्रॅक असतो, ‘5.1’ मधला ‘.1’ तोच. तो इतर चॅनलपेक्षा 10 डेसिबल मोठा वाजवायचा असतो, म्हणजे शक्ती दहापट. स्फोटाची शेपूट थोडी लांबली तर कोणी तक्रार करत नाही. तबल्याची लांबली तर गाणेच बिघडते.

आता खोली. 15 फूट लांबीच्या बंद खोलीत सुमारे 38 हर्ट्झखाली हवेचा दाबच वाढू लागतो आणि बंद पेटीचा उतार बराचसा भरून निघतो. तिथे एकच बंद पेटी दोन्ही कामे करते. उंच छपराच्या, जिना आणि पडवी मोकळी असलेल्या दिवाणखान्यात ही मदत मिळत नाही. तिथे सिनेमासाठी मोठी पोर्टची पेटी घ्यावी, गाण्याचा शौक असेल तर दोन बंद पेट्या. कर्जत-खालापूरकडचा पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरवर जातो आणि घरे आठवडेच्या आठवडे कुलूपबंद असतात. उघड्या नळीत पाली, मुंग्या सहज शिरतात. जाताना नळीला बोळा लावलेला बरा.

शेजारही विसरून चालत नाही. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण ती ‘ए’ मापनात. हे मापन 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा करते. त्यामुळे मीटर नियमात बसलेला दाखवत असला, तरी शेजारच्या घराची तावदाने थरथरत असू शकतात. रात्रीच्या सिनेमाला सबवूफरचा आवाज कमीच ठेवावा.