घराची विक्री आणि भाडेकरूचा हक्क

हिंगोलीच्या मोंढ्यात किंवा वसमतच्या बाजारपेठेत वीस-पंचवीस वर्षे भाड्याने राहिलेल्या माणसाला एके दिवशी मालकाचा निरोप येतो, "जागेचा सौदा झाला आहे, इसारही घेतला आहे. दोन महिन्यांत जागा खाली करा." १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, रस्त्याकडेच्या जागांना मोल आले, तेव्हापासून हा निरोप आमच्या कानी वरचेवर येतो. हमाल, शिंपी, चहावाला अशी मंडळी मजुरीचे किंवा हिशेबाचे काम घेऊन आमच्याकडे येतात आणि जाता जाता खिशातून ही नोटीस काढतात. आम्ही काही वकील नव्हे. कायद्याची पुस्तके आम्ही दिव्याखाली बसून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. परंतु जे वाचले ते सांगण्याजोगे आहे.

पुष्कळांचा समज असा की, मालकाची वस्तू मालक विकतो, आपण मध्ये कोण? हा समज अर्धा खरा आहे. घर विकण्यास मालकाला भाडेकरूची परवानगी लागत नाही. इथे शेतीच्या कुळाशी तुलना करून माणसे फसतात. मराठवाडा निजामी राज्यातून सुटल्यावर १९५० साली हैदराबादचा कुळकायदा आला. त्यात संरक्षित कुळाची जमीन विकायची तर मालकाने ती प्रथम त्या कुळालाच देऊ केली पाहिजे, असे बंधन घातले गेले. घराच्या भाडेकरूला असा पहिला हक्क नाही. मालकाने घर कोणालाही विकावे.

आता उरलेला अर्धा भाग. घर विकले म्हणून भाडेपट्टा संपत नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की, खरेदीदार हा जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याचे हक्क घेतो, तशा जबाबदाऱ्याही घेतो. म्हणजे खरेदीखतात घराबरोबर भाडेकरूही येतोच, मग तो लिहिलेला असो वा नसो. विक्रीची खबर मिळण्यापूर्वी आपण सरळ मनाने जुन्या मालकाला भाडे दिले असेल, तर नवा मालक तेच भाडे पुन्हा मागू शकत नाही. खबर आल्यावर मात्र खरेदीखताची नक्कल मागून घ्यावी आणि नव्या मालकाकडून पावती घेऊ लागावे.

मराठवाड्यात पूर्वी घरभाड्याचा हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. तो, मुंबईचा १९४७ चा आणि विदर्भातील १९४९ चा आदेश असे तिन्ही मोडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा एकच कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. त्याच्या अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू आहे. म्हणून आपली जागा कोणत्या हद्दीत येते हे आधी पाहून घ्यावे. हद्दीबाहेर महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांच्या नोटिशीवर उठवण्याचा दावा होऊ शकतो. हद्दीच्या आत गोष्ट निराळी आहे.

हद्दीच्या आत भाडेकरूला का काढता येईल, याची कारणे कलम १६ मध्ये मोजून दिली आहेत. जागेची नासधूस, लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची स्वतःची खरी गरज, अशी ती कारणे. "मला विकायचे आहे" हे कारण त्यांत नाही. विक्रीचा उल्लेख येतो तो अशा ठिकाणी की, भाडेकरूने स्वतःच जागा सोडण्याची सूचना दिली आणि तिच्या भरवशावर मालकाने सौदा केला. म्हणजे आपल्याच हाताने लिहून दिलेला कागद आपल्याला बाहेर काढतो! तेव्हा "नुसती सही करा, व्यवहाराला लागते" असे कोणी म्हटले तर सही करण्याआधी तो कागद वाचणाऱ्याला दाखवावा.

दुसरा असाच कागद म्हणजे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार. जुन्या भाडेकरूपुढे तो ठेवला जातो, भाडे थोडे कमी करण्याचे आमिषही असते. त्यावर सही झाली की भाडेकरू हा केवळ परवानगीने राहणारा ठरण्याचा धोका असतो. राहत्या घराच्या अशा कराराची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागतो आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई लागू शकते. भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असावा, ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. म्हणून कागद नाही एवढ्याने घाबरून नवा कागद करण्याची गरज नाही.

मालकाची खरी गरज असेल तर? नवा मालकही ती सांगू शकतो. मग न्यायालय दोन्ही पारडी पाहते: ताबा दिल्याने भाडेकरूचे अधिक हाल होतील की न दिल्याने मालकाचे, आणि कोणाला दुसरी जागा मिळण्यासारखी आहे. गरज सांगून ताबा घेतला आणि महिन्याभरात मालक राहायला आलाच नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिले, तर जुन्या भाडेकरूला जागा परत मागता येते.

मालकाचीही बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. वर्षानुवर्षे गोठलेले भाडे अन्यायाचे आहे असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले, त्यानंतरच दरसाल चार टक्के वाढ देणारा हा कायदा आला. ती वाढ भाडेकरूने कुरकुर न करता द्यावी.

खरी हार होते ती भाडे थांबवण्याने. भांडण झाले की माणूस रागाने म्हणतो, "एक पैसा देणार नाही." मालकाला तेच हवे असते. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस गेल्याशिवाय दावा होत नाही. दाव्याचे समन्स लागल्यावरही ९० दिवसांत सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याजाने व खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढे भाडे चुकवले नाही, तर त्या कारणासाठी ताबा जात नाही. मालक भाडे घेतच नसेल तर मनीऑर्डर करावी किंवा त्याच्या खात्यात भरावे आणि नाकारल्याचा पुरावा जपावा. पावती देणे मालकाला सक्तीचे आहे. न दिल्यास दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड आहे.

काही मालक दावा करीत नाहीत, नळ तोडतात, वीज बंद करतात. कायद्याने हे मना आहे. त्याविरुद्ध त्याच दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो. मात्र त्रासाला कंटाळून कुलूप लावून निघून जाऊ नये. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण दाव्यापूर्वीचे सलग सहा महिने रास्त कारणाशिवाय जागा वापरात नसेल, तर तेही ताबा घेण्याचे कारण ठरते. घरातले कोणीतरी मागे राहावे, आणि त्या महिन्यांच्याही भाड्याच्या पावत्या घेत जाव्यात.