पन्नाशीनंतरची दलाली

कामगार चळवळीत द्यावयाची सर्वांत झोंबणारी शिवी कोणती, असे कोणी विचारले, तर आम्ही 'दलाल' हा शब्द सांगू. मालकाशी आतून संधान बांधून सहकाऱ्यांचा सौदा करणारा तो दलाल. हा शब्द आम्ही गेटसभांतून पुष्कळ वापरला आहे. आज ज्या सभासदांनी त्यावर टाळ्या वाजविल्या, त्यांच्यापैकीच कोणी स्वेच्छानिवृत्ती घेऊन, पन्नाशीला टेकून, आमच्याकडे येतो आणि जरा चाचरत म्हणतो, "भाऊ, जागांची दलाली सुरू करावी म्हणतो. तुमचे काय मत?"

त्याला हसून वाटेला लावणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही. घर घेणारा आणि घर विकणारा यांची गाठ घालून देणे हे समाजाला लागणारे काम आहे. प्रश्न एवढाच की ते काम कसे असते, त्यातून काय मिळते आणि ते करताना कशाची राखण करावी लागते. याच तीन गोष्टींचा येथे विचार करू.

प्रथम, हा माणूस याच धंद्याकडे का वळतो? पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. मग भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९७० साली तेथे नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका. गावोगावची माणसे कामाला आली आणि त्यांना घरे लागली. पुढे काही कारखाने बंद पडले, काही दूर गेले, आणि यंत्रे जेथे चालत होती त्यांतल्या काही जागांवर निवासी इमारती उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या फिटरला नव्या कारखान्याच्या दारात कोणी उभे करीत नाही. दलालीला मात्र वयाची अट नाही, पदवी लागत नाही, दुकानही लागत नाही. म्हणून तो म्हणतो, "भांडवलाशिवायचा धंदा आहे."

येथेच पहिली चूक होते. समजा, ६० लाखांचे जुने घर विकले गेले आणि एका बाजूकडून शेकडा एक टक्का दलाली ठरली. हातात ६० हजार आले. आकडा मोठा वाटतो. परंतु पहिल्या वर्षी असे चारच सौदे झाले, तर वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार होतात, आणि त्यांतून पेट्रोल, फोन व जाहिरात वजा जाते. सौद्यात दुसरा दलाल असेल तर वाटणी होते. शिवाय घर पसंत पडल्यापासून इसार, बँकेचे कर्ज आणि खरेदीखताची नोंदणी होईपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, आणि दलाली बहुधा अखेरीस मिळते. पगार महिना भरला की येतो. दलाली सौदा पुरा झाला तरच येते. दहा घरे दाखविण्याचे श्रम अकराव्या घराच्या आशेवर करावयाचे असतात. तेव्हा या धंद्यालाही भांडवल लागते, आणि ते म्हणजे निदान एक वर्षाचा घरखर्च. निवृत्तीच्या रकमेतून तो आधी बाजूला काढावा. ज्याला ते जमत नाही त्याने दुसरे काम सांभाळून हे करावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१६ साली स्थावर संपदा कायदा झाला व १ मे २०१७ पासून दलालांविषयीची कलमे लागू झाली. नोंदणी झालेल्या प्रकल्पातील घरे बांधकाम व्यावसायिकाच्या वतीने विकावयाची, तर दलालाचीही नोंदणी हवी. महाराष्ट्रात हे काम महारेरा पाहते आणि २०२३ पासून तिने दलालांना २० तासांचे प्रशिक्षण व परीक्षा बंधनकारक केली आहे. नोंदणी आवश्यक असूनही ती न झालेल्या प्रकल्पातले घर विकून देण्यास दलालाला मनाई आहे. नियम मोडल्यास दिवसाला १० हजार रुपये, आणि वाढत वाढत घराच्या किमतीच्या शेकडा ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदलेला करार झाल्यावाचून बांधणाऱ्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हेही याच कायद्यात आहे. दलालाने हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगितले पाहिजे. परीक्षेला भिऊ नये. ज्याने करारपत्रांची कलमे वाचून मालकाशी वाद घातला, त्याला ही भाषा परकी नाही.

परीक्षेपेक्षा कागद वाचण्याचा सराव महत्त्वाचा. सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन, सोसायटीचा भागदाखला आणि करभरणा पावती यांत विकणाऱ्याचे नाव जुळते काय, कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहावे. शंका असेल तेथे वकिलाकडून शोध घ्यावा. क्षेत्रफळ विचारताना चटईक्षेत्र विचारावे. ९०० चौरस फूट म्हणून सांगितलेल्या घरात पाय ठेवावयाची जागा ६५० चौरस फूट निघाली, तर पस्तावतो तो घेणारा. जमिनीच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कामगारांनी अशा एकेका गुंठ्यात आयुष्याची शिल्लक घातली, आणि मागाहून कळले की जागा देहूरोडच्या लष्करी दारूगोळा भांडाराभोवतीच्या रेड झोनमध्ये आहे व तेथे बांधकामाला बंदी आहे. जमीन स्वस्त का, हे विचारणारा मध्यस्थ त्यांना भेटला नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते तीच मुख्य. या नव्या दलालाला बांधकाम व्यावसायिक आदराने चहा का पाजतो? त्याला घरे विकण्याचा अनुभव नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. परंतु त्याच्यापाशी तीनशे सहकाऱ्यांचे फोन असतात आणि त्या सहकाऱ्यांच्या हाती निवृत्तीची रक्कम नुकतीच आलेली असते. तीस वर्षे एका पाळीत काम करून, एका डब्यात जेवून जो विश्वास जमला, तोच तेथे विकत घेतला जात असतो. आमच्या ओळखीच्या एका फिटरने अशाच रीतीने आपल्या खात्यातल्या सहाजणांना एका इमारतीत घरे घेऊन दिली. इमारत दोन मजल्यांवर थांबली. त्याने लबाडी केली नव्हती. कागदच पाहिले नव्हते. त्याची दलाली केव्हाच खर्च होऊन गेली, पण सहाजणांचे हप्ते चालू राहिले. आता एखाद्या जुन्या सोबत्याच्या घरी लग्न असले तर तो आहेर दुसऱ्याच्या हाती पाठवितो.

म्हणून आम्ही विचारावयास आलेल्याला एक नियम सांगतो : पैसे कोणाकडून घेणार, हे पहिल्या भेटीतच सर्वांना सांगावे. बांधणाऱ्याकडून दलाली मिळणार असेल तर घेणाऱ्याला ते कळले पाहिजे. दोन्हींकडून घ्यावयाची असेल तर दोघांनाही. १८७२ च्या करार कायद्यातही प्रतिनिधीने मालकाच्या नकळत स्वतःचा लाभ साधू नये, असेच तत्त्व आहे. ठरलेली रक्कम कागदावर लिहून घ्यावी. आणि जे घर आपण आपल्या भावाला घेऊ दिले नसते, ते सोबत्याला दाखवू नये.

प्रारंभ भाड्याच्या घरांपासून करावा. मोबदला साधारणतः एका महिन्याच्या भाड्याइतका, म्हणजे थोडा. पण कामे वारंवार मिळतात. भाडेकरार लेखी व नोंदलेला असावा, असे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने सांगितले आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती त्याला पार पाडावयास लावली, तर वर्षभरात एका वस्तीची खडान्‌खडा माहिती होते. कारखान्यातली कसबेही उपयोगी पडतात. तपासणी खात्यातल्या माणसाला भिंतीवरच्या नव्या रंगाखालची ओल दिसते. कमिटीत बसलेल्याला ठाऊक असते की तडजोडीनंतर दोन्ही बाजूंना मान ताठ ठेवून उठता आले पाहिजे.

आम्ही हा शब्द शिवीसारखा वापरला, त्याचे कारण दलाल पैसे घेतो हे नव्हते. कोणाचे पैसे घेतो ते तो लपवितो, हे होते. ज्याला ते लपवावे लागत नाही, त्याने खुशाल या धंद्यात पडावे. त्याने दाखविलेले घर पाहावयास आम्हीही जाऊ. मात्र कागद आधी मागू.