कळ दाबल्यानंतरचे तीन सेकंद

हातात मावणारा व्हिडिओ गेम तुम्ही कळ दाबून सुरू करता. पडद्यावर चित्र उमटायला तीनचार सेकंद लागतात. एवढ्या वेळात आत काय चालते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

कळ दाबली की यंत्रातील मुख्य चिप जागी होते, पण तिला काहीच ठाऊक नसते. पडदा कोठे आहे, कोणती बटणे आहेत, मेमरी कार्ड कसे वाचायचे, हे सारे तिला सांगावे लागते. कारखान्यात कायमच्या कोरलेल्या काही थोड्या आज्ञा ती प्रथम वाचते. त्या आज्ञा तिला पुढच्या, मोठ्या आज्ञावलीकडे नेतात. ही मोठी आज्ञावली म्हणजेच 'फर्मवेअर'. अॅशर ऑप्लर या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा शब्द प्रथम वापरला. यंत्राचे सुटे भाग 'हार्ड', रोज बदलता येणाऱ्या आज्ञावल्या 'सॉफ्ट', आणि या दोहोंच्या मधली ती 'फर्म'!

कंपनीने दिलेले फर्मवेअर कंपनीला मान्य असलेल्या आज्ञावल्याच चालू देते. तुम्ही स्वतः लिहिलेला एखादा छोटा खेळ त्यावर चालवायचा, तर ते नकार देते. म्हणून जगभरातील हौशी लोकांनी स्वतःची बदललेली फर्मवेअरे तयार केली. समजा, हिंगणघाटच्या एखाद्या विद्यार्थिनीला तिच्या मामाकडून जुना पीएसपी मिळाला. सोनी कंपनीचे हे यंत्र डिसेंबर २००४ मध्ये जपानात प्रथम विक्रीस आले. आता त्यासाठी नवे खेळ निघत नाहीत. तिला त्यावर स्वतः लिहिलेला पाढ्यांचा खेळ चालवायचा आहे. तिने काय करावे?

आधी कायद्याविषयी. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घालण्यात आले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हा त्याप्रमाणे गुन्हा असून, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. विकतचे खेळ फुकट खेळण्यासाठी हा खटाटोप करणाऱ्यांसाठी हा लेख नाही. आणि यंत्र मामाचे असेल, तर मामाला विचारा!

आता धोका नेमका कोठे आहे ते पाहू. फर्मवेअर ज्या स्मृतीत राहते तिला 'फ्लॅश' म्हणतात. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधून काढली. तिची सारी माहिती कॅमेऱ्याच्या दिव्यासारखी लख्खकन पुसली जाते, म्हणून हे नाव. तिचा स्वभाव मोठा विचित्र आहे. माहिती लिहिताना १ चा ० करता येतो. पण ० चा पुन्हा १ करायचा, तर सबंध ठोकळाच पुसावा लागतो. अशी पाटी डोळ्यांपुढे आणा, की जिच्यावर एक अक्षर चुकले तर ते अक्षर नव्हे, सगळी पाटीच पुसावी लागते. जुने पुसले गेले आहे आणि नवे अजून लिहून व्हायचे आहे, असा एक क्षण येतोच. नेमकी तेव्हा वीज गेली तर? पुढच्या वेळी कळ दाबल्यावर चिप कोरलेल्या आज्ञा वाचते, पुढच्या आज्ञावलीकडे जाते, आणि तेथे काहीच नसते. पडदा काळाच राहतो. इंग्रजीत अशा यंत्राला 'वीट' म्हणतात. वजन तेवढे असते, उपयोगही तेवढाच!

वळवाच्या वादळात वीज कशी जाते, हे विदर्भातील वाचकांना सांगायला नको. बदल करताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि चार्जरही जोडलेला हवा, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरा आहे. फायली आधी मेमरी कार्डावर घालून घ्याव्यात. मधेच संगणक बंद पडला तरी मग काही बिघडत नाही. आणि जुन्या यंत्राची बॅटरी फुगलेली दिसली, तर सगळे काम तेथेच थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका.

वीज जाणे हा दैवाचा भाग झाला. माणसाने मुद्दाम केलेला घातपात त्याहून वाईट. ऑक्टोबर २००५ मध्ये पीएसपीसाठी एक आज्ञावली पसरली. ती तुमचे फर्मवेअर मागील, मोकळ्या आवृत्तीवर नेईल, असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात ती फ्लॅशमधील सुरुवातीच्या आवश्यक फायली पुसून टाकी. लोकांनी आपल्या हाताने आपली यंत्रे मारली. त्याच महिन्यात निन्टेंडोच्या डीएस यंत्रासाठीही असाच एक प्रकार निघाला.

मग उतरवून घेतलेली फाईल खरी कशी ओळखावी? येथे हिंगणघाटचा एक जुना पाहुणा आपल्या मदतीला येतो. भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याने १८०२ साली मद्रासजवळ एक रेषा साखळीने मोजली. पुढे कोन मोजून, त्रिकोणामागे त्रिकोण रचून अंतरे गणिताने काढली. पण त्यावर विसंबून तो पुढे गेला नाही! १८०४ साली बंगळूरजवळ दुसरी रेषा पुन्हा साखळीने मोजली गेली आणि गणिताच्या उत्तराशी ताडून पाहिली. फरक निघाला तो अवघ्या काही इंचांचा.

फाईलचेही असेच ताडून पाहता येते. एसएचए-२५६ नावाची एक गणिती रीत आहे. कितीही मोठी फाईल तिला द्या, ती ६४ चिन्हांची एक खूण देते. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी खूण ओळखू न येण्याइतकी बदलते. फर्मवेअर तयार करणारे आपल्या फाईलची खूण जाहीर करतात. तुम्ही आपल्या संगणकावर ती पुन्हा काढावी आणि चिन्हाला चिन्ह जुळवावे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. खूण जुळली, तर फाईल वाटेत बिघडली नाही एवढेच सिद्ध होते. मूळ लेखकच लबाड असेल, तर खूण त्याच्या लबाडीशीही जुळेल! म्हणून अनेक जाणकारांनी तपासलेले, ज्याचा मूळ मजकूर उघड आहे असेच फर्मवेअर निवडावे.

आमच्या विद्यार्थिनीने प्रथम यंत्राच्या मागचा क्रमांक वाचावा. पीएसपीच्या १०००, २००० आणि ३००० या मालिका बाहेरून सारख्या दिसल्या, तरी आतून वेगळ्या आहेत. नंतर सेटिंगमध्ये फर्मवेअरची आवृत्ती पाहावी. सोनीची शेवटची आवृत्ती ६.६१ ही जानेवारी २०१५ मध्ये आली. तिच्यासाठी अशी बदललेली फर्मवेअरे आहेत, जी केवळ तात्पुरती चालू होतात. यंत्र पूर्ण बंद केले की त्यांचे काम थांबते आणि यंत्र पुन्हा मूळ फर्मवेअरवर सुरू होते. प्रत्येक वेळी नव्याने सुरू करण्याचा त्रास आहे खरा, पण माझ्या मते नवशिक्याने येथेच थांबावे. पाढ्यांच्या खेळाला एवढे पुष्कळ झाले.

निन्टेंडो थ्रीडीएससारख्या यंत्रात मात्र फ्लॅशवर लिहावेच लागते. तेथे आधी सबंध फ्लॅशची नक्कल काढून ती यंत्राबाहेर, दोन ठिकाणी ठेवावी. मैत्रिणीची नक्कल तुम्हाला चालणार नाही, कारण प्रत्येक यंत्राच्या गुप्त किल्ल्या निराळ्या असतात.

आणि वीट झालीच तर? पीएसपीची एक गंमत आहे. त्याच्या बॅटरीतही एक इवलीशी चिप असून तिच्यात बॅटरीचा क्रमांक असतो. यंत्र जागे होताना तो क्रमांक वाचते. त्यातील बत्तीसच्या बत्तीस बिट १ असले, तर ते फ्लॅशकडे न जाता थेट मेमरी कार्डावरून सुरू होते! दुरुस्ती केंद्रांसाठी ठेवलेली ही चोरवाट हौशी लोकांना २००७ साली सापडली. अशा बॅटरीला त्यांनी 'पँडोरा' हे नाव दिले, आणि मेलेली कितीतरी यंत्रे तिने उठवली. पुढे सोनीने यंत्राची रचना बदलली. २००० मालिकेतील उशिराच्या आणि ३००० मालिकेतील यंत्रांवर ही युक्ती चालत नाही. मागचा क्रमांक आधी वाचायचा तो यासाठीही.

खुणेचे तत्त्व वर्गात करून पाहता येईल. ४, १, ७, २ हे अंक एका चिठ्ठीवर लिहा आणि त्यांची बेरीज १४ ही खूण म्हणून फळ्यावर लिहा. चिठ्ठी शेवटच्या बाकापर्यंत पोचताना कोणीतरी गुपचूप दोन अंकांची अदलाबदल करावी: ४, ७, १, २. बेरीज पुन्हा १४! चोरी पकडली गेली नाही. आता पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, याप्रमाणे गुणून बेरीज करा. मूळ चिठ्ठीची खूण ३५ येते, बदललेल्या चिठ्ठीची २९. आता या दुसऱ्या रीतीलाही फसवतील असे चार अंक शोधून काढा. ते आहेत, आणि फार दूर नाहीत.