हॅपी गुड फ्रायडे? नको ना!

शुक्रवार, शनिवार, रविवार! कॅलेंडरवर असं त्रिकूट दिसलं, की आपलं मन गुरुवारी दुपारीच अलिबागला पोचलेलं असतं. मीही त्यातलीच. काही वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी ऑफिसातून सटकताना टीममधल्या वसईच्या मैत्रिणीला मी झोकात म्हटलं, ‘हॅपी गुड फ्रायडे!’ ती हसली, पण जरा वेगळंच. म्हणाली, ‘अगं, उद्या आमच्याकडे घरात कुणी गेल्यासारखा दिवस असतो. हॅपी रविवारी म्हण.’

मी पार कानकोंडी झाले. त्यातून तिचे वडील जाऊन जेमतेम आठ महिने झालेले. सॉरी म्हटलं तर म्हणाली, ‘सॉरी कसलं? त्यापेक्षा शनिवारी रात्री घरी ये. बाबांशिवाय पहिलाच ईस्टर आहे. घरात माणसं हवीत.’ झालं, अलिबाग कॅन्सल. शनिवारी संध्याकाळी मी विरार लोकलमध्ये!

चाळीस दिवसांचा हिशेब

ईस्टर म्हणजे मार्झिपानची अंडी, एवढंच माझं ज्ञान. प्रत्यक्षात या सणाची सुरुवात कितीतरी आधी, राखेच्या बुधवारी होते. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळाला लावतात. तिथून रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी चॉकलेट. चर्चमध्ये ‘आलेलुया’ गाणंसुद्धा तेवढे दिवस बंद!

मध्ययुगीन युरोपात या काळात अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना हे कोण सांगणार? अंडी साठत जायची आणि ईस्टरला रंगवून वाटली जायची. या काळाला इंग्रजीत ‘लेंट’ म्हणतात. तो शब्द ज्या जुन्या शब्दावरून आला, त्याचा अर्थच वसंत ऋतू!

तारीख कोण ठरवतं?

ख्रिसमस दरवर्षी २५ डिसेंबरला, मग ईस्टर असा इकडेतिकडे का पळतो? कारण तो चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तो सगळ्यांनी एकाच रविवारी साजरा करावा, हा आग्रह इसवी सन ३२५च्या निकेया परिषदेत धरला गेला. म्हणून आपल्याकडे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो.

आता आपलं पंचांग शेजारी ठेवून बघा. २०२४मध्ये होळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला ईस्टर होता. २०२५मध्ये १२ एप्रिलला हनुमान जयंती आणि २० एप्रिलला ईस्टर. थोडक्यात, चंद्र तोच, सण आपापले!

गुरुवार ते शनिवार

मैत्रिणीच्या घरी तिच्या आईनं चहा देता देता मला मागच्या दोन दिवसांची कहाणी सांगितली. गुरुवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण असते. धर्मगुरू वाकून बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमानुसार हा मान फक्त पुरुषांना होता. २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला आणि त्यात बायकाही आल्या. त्या रात्री घंटा वाजतात आणि मग थेट शनिवार रात्रीपर्यंत गप्प होतात.

शुक्रवार क्रूसाचा. त्या दिवशी मिस्सा होत नाही, वेदी उघडी-बोडकी असते, उपवास असतो. मग याला ‘गुड’ का म्हणायचं? तर जुन्या इंग्रजीत त्या शब्दाला ‘पवित्र’ असाही अर्थ होता.

आणि शनिवार? ‘शनिवारी काहीच नसतं,’ काकू म्हणाल्या. ‘नुसतं थांबायचं.’ त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी गप्प बसले. नंतर वाटलं, बरंच झालं.

अंधारातली मेणबत्ती

रात्री चर्चमधले सगळे दिवे बंद. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवला. त्यावर एक उंच मेणबत्ती लावली, तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले. ती मेणबत्ती काळोखात आत गेली आणि तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत गेली. माझी काकूंनी पेटवली. बराच वेळ मराठीतून वाचनं झाली आणि मग एकदम दिवे, घंटा, गाणी! दोन दिवसांची शांतता कळल्यामुळे त्या घंटांचा आवाज अंगावर आला. मी काही श्रद्धाळू नाही, पण डोळे भरून आले.

घरी परतल्यावर मटणाचा रस्सा, पाव, मार्झिपानची अंडी. जेवताना मैत्रिणीनं मारिया माग्दालेनाची गोष्ट काढली. योहानाच्या शुभवर्तमानात ती पहाटे बागेतल्या थडग्यापाशी रडत उभी असते. समोर येशू येतो, तर तिला तो माळी वाटतो. तो तिला नावानं हाक मारतो, तेव्हा ती ओळखते. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना पहिल्यांदा सांगते ती हीच. तरीही ५९१मध्ये पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिला बायबलमधल्या दुसऱ्याच एका पापी स्त्रीशी जोडलं आणि तो शिक्का शतकानुशतकं टिकला. २०१६मध्ये कॅथलिक चर्चनं तिच्या २२ जुलैच्या दिवसाचा दर्जा प्रेषितांच्या सणांएवढा केला.

‘बाबा गेल्यावर मला सगळे म्हणाले, रडू नकोस, स्ट्राँग राहा,’ मैत्रीण म्हणाली. ‘तिला मात्र येशू विचारतो, का रडतेस? मला ते आवडतं.’

घास माझ्या हातातच राहिला. दहाव्या दिवशी ती ऑफिसात परतली, तेव्हा ‘चल, आता कामात मन रमव’ म्हणणाऱ्यांत मीही होते. तिला त्या शुक्रवारातून उचलून थेट रविवारी नेऊन ठेवायची घाई मलाच झाली होती. मधला शनिवार मी तिला दिलाच नव्हता.

सकाळी निघताना तिला मिठी मारली आणि म्हटलं, ‘हॅपी ईस्टर.’ या वेळी ती नेहमीसारखी हसली.

ईस्टरला मित्राकडे जाताय?

- गुड फ्रायडेला शुभेच्छांचे मेसेज पाठवू नका. ‘तुझी आठवण काढतेय’ एवढं पुरे.
- उपवासकाळात टीम लंच ठरवताना व्हेज पर्याय ठेवा, विशेषतः शुक्रवारी.
- शनिवार रात्रीची उपासना लांबते. सुटसुटीत कपडे घाला आणि परतीच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा. नाहीतर मुक्काम करा, जेवण मस्त असतं!