वाचलेले नऊशे रुपये

आमच्या मनवेलपाड्यात गणपती जवळ आल्याचे कॅलेंडर सांगत नाही, सोसायटीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या गाड्या सांगतात. कुणाच्या टपावर कॅरियर चढलेला असतो, कुणी ब्रेक तपासून आणलेले असतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानासमोर चार गृहस्थ ‘यंदा जाऊन-येऊन किती पडतील?’ या विषयावर तावातावाने बोलत असतात. गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून परवडणाऱ्या जागेसाठी विरार गाठलेली ही मंडळी. काटकसरीत आमचा हात कोण धरणार!

मीही त्यांतलाच. शिवाय उभी नोकरी बँकेत झालेली. त्यामुळे प्रत्येक प्रवासाचा हिशेब एका लांबट वहीत लिहायची सवय मला जडली. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला ‘वाचले’. हा दुसरा रकाना कुठल्याही बँकेच्या खातेवहीत नसतो, पण मला त्याचा फार अभिमान होता.

खेडजवळचे आमचे गाव इथून साधारण अडीचशे किलोमीटर. या रस्त्यावर पैसे वाचवायच्या जागा आहेत आणि त्या मी आनंदाने सांगतो. टपावरचे ओझे वाऱ्याला अडवते आणि पेट्रोल खाते. तेच सामान डिकीत बसवले तर फरक पडतो. चाकांत हवा कमी असली तरी तेच. गाडी शंभराने हाणण्याऐवजी साठ-सत्तरने सारखी चालवली, की पेट्रोलचा काटा सावकाश उतरतो; आणि लिटरला शंभराच्या वर मोजताना हे लक्षात ठेवलेले बरे. टोलचेही तसेच. मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. २०२५ च्या गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना सरकारने टोलमाफीचा पास दिला होता. तो वाहतूक पोलिसांकडे किंवा आरटीओत मिळे. पण आमच्या शेजाऱ्यांनी रांगेच्या कंटाळ्याने तो घेतलाच नाही आणि मग वाटभर सरकारला नावे ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला तेव्हा तीन हजारांचा होता, दोनशे फेऱ्यांचा, म्हणजे तेव्हा फेरीला पंधरा रुपये. दर आठवड्याला सुरतेकडे जाणाऱ्या व्यापाऱ्याला तो सोन्यासारखा. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यातून तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही.

आणि आपली एसटी? मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, मला पासष्टीनंतर अर्धे. म्हणजे आम्ही दोघे नवराबायको एका तिकिटात गावी जातो! पंच्याहत्तरी पार केलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवस महाराष्ट्रभर हिंडा, एकदाच पैसे भरा. तरुणांना हे सांगितले, की ती आपल्याकडे करुणेने पाहतात. असो.

सांगायचे आहे ते वहीतल्या एका पानाबद्दल.

१९९६ चा गणपती. शेजारची दोन कुटुंबे आणि आम्ही, अशी मिळून एक जीप ठरवली. टुरिस्ट परवान्याची गाडी सहाशे रुपयांनी महाग होती. ओळखीतल्या एकाची खासगी नोंदणीची स्वस्तात मिळाली. रात्री निघायचे ठरले. रात्रीच्या प्रवासात वाटेतल्या लॉजचे तीनशे वाचतात, हे गणित माझेच. घरातून निघण्यापूर्वीच मी वहीत लिहिले : ‘वाचले, रु. ९००.’

जीपवाला आदल्या रात्री एक फेरी मारून आला होता. हे आम्हाला ठाऊक होते. त्याने स्वतःच सांगितले होते, आणि जोडीला दुसरा चालक घेऊ का, म्हणून विचारलेही होते. त्याचे अडीचशे जादा पडणार होते. आम्ही तिघा कर्त्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले आणि कुणीतरी म्हणाले, “चहा पाजत राहू की!” ते कुणीतरी मीच होतो.

पोलादपूर सोडून कशेडीच्या घाटात शिरलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. पाऊस होता. बाकीचे पेंगत होते. चहा पाजणारा मीही झोपलो होतो. जाग आली ती आवाजाने. गाडी दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाला गटारात गेली होती. सौ.चे गळ्याजवळचे हाड मोडले, शेजाऱ्यांच्या कपाळाला टाके पडले. सहा वर्षांचे आमचे चिरंजीव तिच्या मांडीवर होते, त्यांना खरचटलेसुद्धा नाही.

रुग्णालयाचे बिल आले अकरा हजार चारशे. विम्याचे विचारायला गेलो तर उत्तर तयार होते : गाडी खासगी वापराची, प्रवासी भाड्याचे, पॉलिसीत बसत नाहीत. यात विमा कंपनीची चूक नव्हती. मी त्या काळी शाखेत वाहनकर्जे मंजूर करीत असे. फाइलमधल्या विम्याच्या कागदावरची नेमकी तीच अट वाचून मी शेकडो सह्या केल्या होत्या. दुसऱ्याच्या गाडीच्या बाबतीत मी ती कधी नजरेआड होऊ दिली नाही!

जीपवाल्याला आम्ही महिनाभर शिव्या दिल्या. सौ.ने मात्र एकदाही दिली नाही. हात गळ्यात बांधलेली ती एवढेच म्हणाली, “त्याने विचारलं होतं तुम्हाला.”

वहीतला तो आकडा मी खोडला नाही. त्याखाली रुग्णालयाचे बिल लिहिले, आणि पुढच्या वर्षीपासून खर्चाच्या बाजूला ‘मुक्काम’ असे एक कायमचे कलम घातले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये चिरंजीव म्हणाले, “बाबा, यंदा रात्री अकराला निघू. ऑफिस आटोपून येतो आणि थेट गाडीत बसतो. ट्रॅफिक नाही, हॉटेल नाही, सकाळी गावात.” गाडी त्यांचीच, कागदपत्रे चोख, फास्टॅग भरलेला, कशेडीला आता बोगदाही झाला आहे. मी वही काढून ते पान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांना त्या रात्रीचा फक्त पाऊस आठवतो. पान त्यांनी दोनदा वाचले, मग आईच्या खांद्याकडे एकदा पाहिले. पावसाळ्यात तो अजून दुखतो, हे त्यांना माहीत होते. का दुखतो, ते आम्ही कधी नीट सांगितले नव्हते.

“दुसऱ्या दिवशी दुपारी निघू या,” ते म्हणाले आणि मोबाइलवर महाडची खोली शोधू लागले. “अठराशे रुपये म्हणतोय, बाबा. गणपतीचा भाव आहे.”

“घे,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “नाश्ता धरून का, ते विचार आधी.”