नवा गेम यायचा बाकी, तोवर ‘फाइल’ आली! प्री-रजिस्टर म्हणजे काय आणि ‘फँटसी’ गेम हा पैशांचा खेळ असतो का?

एखादा मोठा गेम येणार अशी बातमी आली की पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी ट्रेलर फिरतो, मग तारखा फिरतात आणि दोन-चार दिवसांत एक फाइल फिरायला लागते. ‘गेम लीक झाला, सगळ्यांच्या आधी खेळा’ असं तिच्याखाली लिहिलेलं असतं. कंपनीने तर गेम अजून बाजारात आणलेलाच नसतो. मग ही फाइल आली कुठून, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

घरात चांगला फोन बहुतेक वेळा एकच असतो. दिवसा त्याच्यावर ई-पीक पाहणी होते, डेअरीच्या बिलाचा मेसेज येतो, लाडकी बहीणचे पैसे जमा झाल्याचं कळतं, खताच्या दुकानदाराला यूपीआयने पैसे जातात. संध्याकाळी तोच फोन मुलाच्या हातात असतो. त्यामुळे मुलगा कोणत्या गेमची वाट पाहतोय आणि तो कुठून उतरवणार आहे, हे घरच्यांनाही माहीत असलेलं बरं.

‘फँटसी’ शब्दाचा घोळ

गावात ‘फँटसी गेम’ म्हटलं की लोकांना आठवते ती क्रिकेटची टीम लावणं. ४९ रुपये भरा, अकरा खेळाडू निवडा, नशीब उघडलं तर लाखो रुपये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर बंदी आणली. ड्रीम११ सारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा तेव्हाच बंद केल्या. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, अशी तरतूद त्यात आहे.

पण नव्या गेमच्या जाहिरातीत ‘फँटसी रोल प्लेइंग’ असं लिहिलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. इथं फँटसी म्हणजे कल्पनेतलं जग. राक्षस, जादूगार, उडणारे ड्रॅगन, पडके किल्ले. रोल प्लेइंग म्हणजे सोंग घेणं. बोहाड्यात किंवा दशावतारात माणूस जसं एक पात्र घेऊन उभा राहतो, तसं इथं खेळणारा योद्धा, तिरंदाज किंवा मांत्रिक होतो. मोहिमा पार पाडत गेलं की पात्राची ताकद वाढते, नवी हत्यारं मिळतात, पुढचा मुलूख उघडतो. एका फेरीत हारजीत होऊन संपणारा हा खेळ नाही, महिनोन्‌महिने चालतो. म्हणूनच पोरं त्याला चिकटतात.

हा प्रकार काही आजचा नाही. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ आला, तो कागद, पेन्सिल आणि फाशांवर टेबलाभोवती बसून खेळायचे. पुढे तो संगणकावर गेला. २००४ मधल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने एकाच जगात हजारो अनोळखी माणसं एकत्र खेळू शकतात हे घरोघरी पोचवलं. फोनवरची अलीकडची मोठी नावं म्हणजे २०२० चा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ आणि २०२२ चा ‘डायब्लो इमॉर्टल’.

पैसे लावा आणि पैसे जिंका असा प्रकार यात नसतो, त्यामुळे नव्या कायद्यातल्या बंदीत हे गेम येत नाहीत. एवढं ऐकून पालक निर्धास्त होतात. तेवढं निर्धास्त व्हायचं कारण मात्र नाही, कारण यात पैसे येत नसले तरी जाऊ शकतात.

फुकट गेम कमावतो कसा?

गेम फुकट उतरवता येतो, फुकट खेळताही येतो. कंपनीची कमाई आतल्या दुकानावर चालते. तिथं चांगलं पात्र किंवा तलवार सरळ विकत मिळत नाही. जत्रेत चिठ्ठी काढून बक्षीस देतात ना, तसला प्रकार असतो. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये सगळ्यात वरच्या दर्जाचं पात्र एका चिठ्ठीत मिळण्याची शक्यता ०.६ टक्के आहे, म्हणजे हजार चिठ्ठ्यांत सरासरी सहा. तोवर नाहीच निघालं तर नव्वदाव्या चिठ्ठीला वरच्या दर्जाचं एक पात्र हमखास मिळतं. पण ते हवं असलेलंच असेल असं नाही! खेळून काही चिठ्ठ्या मोफत मिळतात, त्या संपल्या आणि हौस उरली की खिशाकडे हात जातो.

युरोपात बेल्जियमने २०१८ मध्येच अशा काही चिठ्ठी-पेट्यांना जुगार ठरवलं. त्या नियमांमुळे डायब्लो इमॉर्टल बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आणलाच गेला नाही. आपल्याकडे गेमच्या आतल्या अशा खरेदीवर बंदी नाही. म्हणून घरच्या फोनवर पहिलं काम करायचं ते हे: प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवा, सेटिंग्जमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याचा पर्याय चालू करा. पासवर्ड मुलाला सांगू नका आणि त्याच्या बोटाचा ठसा त्या फोनवर नोंदवू नका, नाहीतर कुलूप लावून किल्ली त्याच्याच हातात दिल्यासारखं होईल. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत गुगलकडे पैसे परत मागता येतात. उशीर करू नका.

वाट पाहण्याचे दिवसच जास्त धोक्याचे

गेम यायच्या आधी प्ले स्टोअरवर त्याचं पान दिसायला लागतं आणि तिथं ‘प्री-रजिस्टर’ असं बटण असतं. ते दाबलं म्हणजे फक्त नाव नोंदवलं. गेम आला की फोनवर सूचना येते, आणि तसा पर्याय निवडला असेल तर तो आपोआप उतरतो. फुकट गेमसाठी नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, ओटीपी लागत नाही, आधार तर अजिबात लागत नाही. नोंदणीसाठी कोणी दहा रुपये जरी मागितले तरी तो कंपनीचा माणूस नाही, एवढं धरून चालायचं.

नाव नोंदवलं म्हणजे गेम लगेच येतो असंही नाही. डायब्लो इमॉर्टल जाहीर झाला २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आणि आला २०२२ च्या जूनमध्ये. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ हा लढाईचा गेम. त्याची नोंदणी २०२३ च्या सुरुवातीला उघडली आणि गेम सगळ्यांच्या हातात पडला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. एवढा काळ पोरांना धीर निघत नाही आणि नेमक्या त्या अधीरतेवर भामट्यांचा धंदा चालतो.

२०१६ च्या जुलैत पोकेमॉन गो आला तेव्हा तो आधी मोजक्याच देशांत होता. बाकीच्या देशांतले लोक बाहेरून फाइल उतरवून खेळायला लागले. काही दिवसांतच त्याची एक बनावट फाइल सापडली, जी लावली की दुसरीकडे बसलेल्या माणसाला तो फोन चालवता यायचा. २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ हा गेम आला. तो मोबाइलसाठी नव्हताच. तरी हुबेहूब प्ले स्टोअरसारखं पान बनवून त्याची ‘मोबाइल आवृत्ती’ वाटली गेली. ती लावली की फोनमधले फोटो आणि फाइली कुलूपबंद व्हायच्या आणि सोडवायला ५०० डॉलर मागितले जायचे.

सध्या भारतीय पुराणकथांवरच्या गेमची उत्सुकता मोठी आहे. अमिताभ बच्चन आणि लेखक अमीश त्रिपाठी यांचा सहभाग असलेल्या तारा गेमिंगने ‘द एज ऑफ भारत’ हा असाच गेम जाहीर केला, तो संगणकासाठी. आता बच्चन साहेबांचा फोटो लावून त्याची मोबाइल फाइल कोणी पाठवली, तर ती काय असेल हे वेगळं सांगायला नको.

‘पीएम किसान’ आणि ‘आरटीओ चलन’ नावाच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. गेमची बनावट फाइल त्याच जातीची. दोन्हींच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं आणि लावताना दोन्ही सारख्याच परवानग्या मागतात. कुठलाही खेळ खेळायला मेसेज वाचायची गरज नसते. गेमने मेसेज वाचायची परवानगी मागितली की तिथंच थांबायचं, कारण बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी त्याहून वाईट. ती दिली की समोरचा माणूस स्क्रीनवर काय चाललंय ते पाहू शकतो आणि बटणंही दाबू शकतो.

आपल्या फोनला झेपेल का?

खरा गेम आला तरी तो चालेल की नाही ते आधी बघावं. गेन्शिन इम्पॅक्ट सुरुवातीलाच ८ जीबी मोकळी जागा मागत होता, पुढे नवनवा भाग जोडला जाऊन तो कितीतरी फुगला. समजा गेम २० जीबीचा आहे आणि रिचार्ज रोज दीड जीबीचा. तर नुसता उतरवायला तेरा-चौदा दिवसांचा डेटा जाईल, तोही घरात दुसऱ्या कुणी काही पाहिलं नाही तर. रेंज एका काडीवर असलेल्या वस्तीवर तर बोलूच नका. एकदा उतरला की खेळायला डेटा तुलनेने कमी लागतो, पण दर काही आठवड्यांनी मोठं अपडेट येतं. प्ले स्टोअरवर ‘तुमच्या डिव्हाइसला चालत नाही’ असं दिसलं तर ते खरं मानावं. त्यावर ‘जुगाड’ म्हणून मिळणारी फाइल हा पुन्हा तोच सापळा.

फाइल लावून झाली असेल तर

आधी त्या फोनचा डेटा आणि वायफाय बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून यूपीआय आणि नेट बँकिंग थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. आलेले मेसेज, ती फाइल कोणत्या ग्रुपवर आली त्याचा स्क्रीनशॉट आणि पैसे गेल्याची वेळ जपून ठेवा. फोन पूर्ण रिसेट करायचा तो हे सगळं झाल्यावर, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून.

मुलाला त्या वेळी रागावू नका. फाइल कधी लावली, कोणत्या परवानग्यांना ‘हो’ म्हटलं आणि ती आणखी कोणाला पाठवली, हे फक्त त्यालाच माहीत असतं. बँकवाला आणि पोलीस पहिल्यांदा तेच विचारतात.