पांदण रस्त्याची सायकल, कमी पैशांत



शाळा-कॉलेज सुरू व्हायच्या दिवसांत बचत गटाच्या बैठकीत सायकलीसाठी कर्जाची मागणी येते. मुलीची दहावी झालेली असते, कॉलेज सहा-सात किलोमीटरवर असतं आणि एसटीची वेळ जुळत नाही. सायकल नसेल तर तिचं शिक्षण तिथंच थांबण्याची भीती असते. वावरात, दूध डेअरीवर किंवा बँकेत जायला आपल्यालाही दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहावी लागते. म्हणून आज सायकलीबद्दल बोलू.

आधी योजनेचं पाहा. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी 5000 रुपये मिळतात. हा कार्यक्रम राज्यातल्या 125 तालुक्यांत आहे. आपला तालुका त्यात आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. तिथं काम होत असेल तर कर्ज काढू नका.

ज्यांचं त्यात बसत नाही, त्या दुकानात जातात. तिथं जाड टायरची, पुढं शॉकअप आणि मागं गिअर असलेली सायकल मुलीला आवडते. किंमत ऐकून आई गप्प होते. पण पांदणीतून चालायला सायकलीला काय लागतं, हे नीट समजलं तर जुनी फ्रेम घेऊन तशी सायकल बांधून घेता येते.

खरं तर डोंगरातल्या सायकलीचा जन्मच असा झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ मरीन नावाचा डोंगराळ भाग आहे. 1970 नंतरच्या काळात तिथल्या तरुणांनी भंगारातल्या चाळीसेक वर्षं जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली उचलल्या. त्यांना दुसऱ्या गाड्यांचे ब्रेक आणि गिअर जोडले आणि मातीच्या उतारावरून चालवल्या. 1976 मध्ये तिथं उताराची शर्यत सुरू झाली. त्या शर्यतीचं नाव ‘रिपॅक’, कारण एकदा उतरलं की ब्रेकच्या हबमधलं ग्रीस तापून जळायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्यांच्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही सायकल चालवायची, फोटोही काढायची. आज दुकानात मिळणारी डोंगरी सायकल त्या जुगाडातूनच आली.

आता आपली सायकल. खर्च कोणत्या क्रमाने करायचा, ते नीट ऐका.

पहिली गोष्ट, फ्रेम. गोठ्यात किंवा नातेवाइकांकडे एखादी सायकल पडून असते. तिचा वरवरचा गंज चालतो, तडा चालत नाही. हँडलखालचा जोड आणि पायडलजवळचा जोड कापडाने पुसून उन्हात पाहा. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मागे वाकलेला नसावा. मापासाठी सायकलीवर आडवं उभं राहायचं. दोन्ही पावलं जमिनीला टेकून आडव्या नळीच्या वर दोन-तीन इंच जागा राहिली पाहिजे. साडी नेसून चालवायची असेल तर लेडीज फ्रेमच घ्या. जुनी सायकल विकत घेताना फ्रेमवर ठोकलेला नंबर पाहा आणि तो लिहून पावती घ्या. नंबर खरवडलेला असेल तर ती सायकल सोडून द्या.

दुसरी गोष्ट, चाकं आणि टायर. पैसे इथं घालायचे. उमरेड-भिवापूरकडची काळी माती असो की रामटेक-पारशिवनीकडचा मुरूम, खड्ड्याचा मार आधी टायर झेलतं. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली तरी चालतं, म्हणून दणका कमी बसतो. शॉकअपचं बरंचसं काम तेच करतं. स्वस्त शॉकअप जड असतं, चढावर आपला जोर खातं आणि बिघडलं तर गावात दुरुस्त होत नाही.

टायर घेताना एक घोटाळा हमखास होतो. ‘सव्वीसचं टायर द्या’ म्हटलं की पुरत नाही, कारण सव्वीस इंचात वेगवेगळी मापं आहेत. टायरवर 26 × 1⅜ असं अपूर्णांकात लिहिलेलं असेल तर त्याची रिम 590 मिलिमीटरची. 26 × 1.95 असं दशांशात असेल तर रिम 559 मिलिमीटरची. एकाचं टायर दुसऱ्यावर बसत नाही. जुन्या टायरवरचा आकडा कागदावर लिहून न्या. जाड टायर फ्रेमला आणि चिमट्याला घासत नाही ना, हेही चाक फिरवून पाहा. मडगार्ड आणि टायर यांच्यात दोन बोटं जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात काळी माती भरून चाक जाम होतं. बाभळीच्या काट्यांसाठी जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायरच्या आत बसवून घ्या.

तिसरी गोष्ट, ब्रेक. इथं काटकसर करायची नाही. जुन्या सायकलीचा दांड्याचा ब्रेक रिमला आतून, तारांच्या बाजूने लागतो. वायरचा ब्रेक रिमच्या दोन्ही अंगांना लागतो, त्यासाठी रिमची बाजू सपाट लागते. म्हणून चाक बदललं तर ब्रेक त्याला जुळतो का, ते आधी मेकॅनिकला विचारा. चकचकीत लोखंडी रिमवर पावसात ब्रेक नीट लागत नाही, अॅल्युमिनियमच्या रिमवर जास्त चांगला लागतो. मुलगी पावसाळ्यात उतारावरून जाणार असेल तर हा फरक पैशापेक्षा मोठा आहे.

चौथी गोष्ट, चेन आणि दाते. गिअर नसले तरी चढ हलका करता येतो. पुढचं चक्र 44 दात्यांचं आणि मागचं फ्रीव्हील 18 दात्यांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर जाते. मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील टाकलं तर ती चार मीटरच्या थोडं वर जाते. वेग थोडा कमी होतो, पण पायावरचा भार हलका होतो. चेन आणि फ्रीव्हील शक्यतो एकदमच बदला, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते. चेनला पूर्ण कव्हर लावा, ओढणी आणि साडी सांभाळली जाते.

हब आणि हँडलमधले छर्रे धुऊन नवं ग्रीस भरून घ्या आणि चाकाचा आउट काढून घ्या. सीट, बेल, मागचा लाल रिफ्लेक्टर आणि कॅरियर शेवटी. रंग तर सगळ्यात शेवटी.

हातात शंभर रुपये आहेत असं धरलं तर त्यातले चाळीस चाकं-टायरला, वीस ब्रेकला, वीस चेन-फ्रीव्हीलला आणि दहा मजुरीला ठेवा. उरलेले दहा हाताशी असू द्या, काम करताना एखादा नट किंवा एक्सल बदलावाच लागतो. कामाआधी दोन मेकॅनिकांकडून प्रत्येक भागाची वेगळी किंमत लिहून घ्या. जोडलेली बेरीज नव्या साध्या सायकलीच्या जवळ जात असेल तर नवी साधी सायकलच घ्या. जुन्यावर पैसे घालण्याचा हट्ट नको.

गटाने कर्ज देताना हीच यादी ठरावासोबत जोडावी. म्हणजे पैसा कुठं गेला ते सगळ्यांना दिसतं आणि पुढच्या बाईला भाव आयता मिळतो. गटात एक पंप, पान्यांचा संच आणि पंक्चरचं सामान सामाईक ठेवलं तर फारच उत्तम. मुलींना पंक्चर काढायला आणि ब्रेक घट्ट करायला शिकवा. वाटेत सायकल बंद पडली तर ती चालू करणं जिला येतं, तिला उशिरा घरी येण्याची भीती कमी वाटते. घरच्यांनाही तिला पाठवताना धीर येतो.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना आपल्या गोठ्यातली सायकल एकदा उन्हात काढून पाहा आणि तिच्या टायरवरचा आकडा लिहून आणा.